नखभर घट्ट

थोरलीच्या पोटात दुखायचं ते तिचं जठर कापलेलं होतं म्हणून नव्हे, धाकट्या जावेमुळे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता. धाकटी दुकानाच्या दारात दिसली की थोरलीचं मशीन भरधाव सुटायचं आणि दोरा तुटायचा.

दुकान अरुंद होतं, लाँड्री आणि चपला दुरुस्त करणारा यांच्या मध्ये चेपून बसवल्यासारखं. तिथे नवे कपडे शिवत नसत, असलेले मापात आणून देत. पँटची उंची कमी कर, चेन बदल, कोटाच्या बाह्या वर घे, असली कामं. गिऱ्हाईक पडद्यामागून बाहेर यायचं, आरशासमोर पोट आत ओढून उभं राहायचं, आणि थोरली तोंडात टाचण्या धरून म्हणायची, "श्वास सोडा. घरी जाऊन सोडणारच आहात." गल्लीतल्या झाडून सगळ्या कमरांची खबर तिला होती. ती कधी बाहेर फुटली नाही, याचं श्रेय थोडं तिच्या स्वभावाला आणि बरंचसं टाचण्यांना.

तिची स्वतःची कमर मात्र उघड गुपित होती. पाच वर्षांपूर्वी तिने ते ऑपरेशन करून घेतलं. जठराचा मोठा भाग काढून टाकला, उरली केळ्याएवढी नळी. पहिलं वर्ष काय सांगावं! भूक अशी गेली की जणू घर सोडून गेली, निरोपही न घेता. दर महिन्याला थोरली स्वतःचे कपडे कपाटातून काढायची, शिवण आत घ्यायची आणि उरलेलं कापड कचाकच कापून टाकायची. शिकवलेलं तसं नव्हतं. आत थोडं कापड राखून ठेवायचं, उद्या सैल करावं लागलं तर असू दे, हे नवशिक्या पोरीलाही ती स्वतः बजावायची. पण स्वतःच्या बाबतीत तिने एक बोटभरही ठेवलं नाही. लागणारच नाही परत, म्हणाली.

लागलं. भूक गेली तशीच आली, न विचारता, सामानसुमान घेऊन. अंडं, मांस, कडक भाकरी असलं काही चार घासांत छातीशी अडायचं. पण चहात बुडवलेलं बिस्किट? आइस्क्रीम? ते काही न बोलता खाली उतरायचं आणि मागून दुसऱ्याला बोलवायचं. मशीनशेजारी बिस्किटांचा पुडा आणि चहाचा थर्मास असायचा, आणि दिवसभर हात एकदा कापडावर, एकदा पुड्यावर. गेलेल्या वजनाचा बराचसा भाग परत आला. कापून टाकलेले कपडे सैल करायला जागाच नव्हती, तेव्हा तिने मागच्या खोलीत बसून कमरेला इलॅस्टिक लावलेले नवे शिवले, आणि ते कुणी नीट बघू नये म्हणून वर लांब जाकीट घालायला लागली.

आता धाकटी. थोरलीचं पहिलं वर्ष जोरात चालू होतं तेव्हा थोरलीनेच तिला हाताला धरून त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. धाकटी तेव्हा थोरलीहून भारी होती, हॉटेलात कामावर काउंटरमागे उभी राहिली की मागची किल्ल्यांची फळी दिसायची नाही. तिचंही ऑपरेशन झालं, तीही उतरली, आणि उतरली ती उतरलीच. कानामागून आली आणि तिखट झाली! आता हॉटेलातले पाहुणे तिच्याकडे बघून हसतात, आणि सासरची माणसं जमली की चुलतसासूबाई थोरलीकडे वळून विचारतात, "तुझं ऑपरेशन कच्चं राहिलं का गं?"

ते ऐकून थोरली हसायची. हसून घरी जायची आणि भांडी अशी घासायची की तिचा बसड्रायव्हर नवरा म्हणायचा, "भांड्यांनी काय केलंय?"

सगळ्यात जास्त खुपायचा तो धाकटीचा हात. जेवताना ती ताटावर तळहात आडवा धरून म्हणायची, "पुरे." एवढंच, आणि खरोखर पुरे व्हायचं तिचं! थोरलीने यावर बराच विचार करून एक निष्कर्ष काढला होता: डॉक्टरीणबाईंचा हात आपल्यावर शिकला आणि तिच्यावर बसला. भुकेचा जो काही भाग पोटात असतो तो हिचा नीट कापला, आपला अर्धवट ठेवला. त्यामुळे दुसरं ऑपरेशन करायचं, पोटाचा बायपास, आणि राहिलेलं काम पुरं करून घ्यायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं. गुडघे दुखत होते हे खरं, साखर वाढली होती हेही खरं. पण गुडघ्यांसाठी कुणी इतक्या ईर्षेने दवाखान्याच्या पायऱ्या चढत नाही.

आणि या सगळ्यात तो प्रकार घडला.

धाकटीने हॉटेलच्या गणवेशाचा स्कर्ट आणला होता, अस्तर फाटलं म्हणून. अस्तर बदलता बदलता थोरलीने बाजूची शिवण उसवली आणि आत घेतली. नखभर, जास्त नाही. रागाच्या भरात केलं म्हणावं तर तसंही नाही, अगदी शांतपणे, टीप सरळ मारून केलं. चार दिवसांनी धाकटी आली आणि कमरेशी हात लावून म्हणाली, "वहिनी, स्कर्ट जरा घट्ट लागतोय. माझं परत वाढतंय का हो?"

"हल्ली खाणं वाढलंय का तुझं?" थोरलीने विचारलं, आणि तिला आत इतकं गार वाटलं की काय सांगावं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. धाकटीच्या घरी वजनकाटा नव्हता. पूर्वी ती दिवसातून चारदा काट्यावर चढायची आणि पाचव्यांदा रडायची, म्हणून दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी तो घराबाहेर काढायला लावला होता. तेव्हापासून ती म्हणायची, "मला काटा कशाला हवा? वहिनींची शिलाई आहे ना." आणि हे थोरलीला पक्कं माहीत होतं.

स्कर्टनंतर पँट आली, मग जाकीट, मग दुसरा स्कर्ट. प्रत्येक नखभर आत. धाकटी खाणं कमी करत गेली. थोरली माप घ्यायची तेव्हा टेप दर वेळी आधीच्यापेक्षा अलीकडे यायची. म्हणजे बाई बारीक होत होती, आणि थोरली त्या बारीक मापाच्याही आत शिवत होती. टेपने तिला सांगितलं नाही असं नाही. तिने टेपही ऐकली आणि मशीनही चालवलं.

दुर्बिणीने पोट तपासलं होतं, त्याचा निकाल घ्यायला थोरलीला बोलावलं त्या दिवशी नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून सोबत धाकटी आली. स्वतःहून आली. त्या दवाखान्यातल्या खुर्च्या रुंद असतात, हात नसलेल्या, कुणी अडकू नये म्हणून. थोरली आपल्या खुर्चीत बरोबर मावली. शेजारच्या खुर्चीत धाकटीच्या दोन्ही बाजूंना इतकी जागा उरली होती की तिने पर्स शेजारी ठेवली. थोरलीने ती पर्स पाहिली आणि मान फिरवली.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "नळी थोडी सैलावली आहे, फार नाही. बायपास करता येईल. पण दुसऱ्या वेळी धोका जास्त असतो, आणि वजन पहिल्याइतकं उतरेलच असं नाही. आधी काही महिने आहारतज्ज्ञांकडे जा, मग ठरवू. तुम्हाला हे कशासाठी हवंय ते मला नीट सांगा."

"गुडघे," थोरली म्हणाली. "आणि साखर."

"आणि?"

थोरलीचे डोळे नको असताना शेजारी गेले. ती काही बोलायच्या आत धाकटीच पुढे सरकली. "डॉक्टर, वहिनींच्या वेळात विचारते, रागावू नका. माझंही परत वाढतंय. मलाही दुसरं ऑपरेशन लागेल का?"

डॉक्टरीणबाईंनी तिला बूट काढायला लावून काट्यावर उभं केलं. आकडा बघितला, जुना कागद बघितला, परत आकडा बघितला. "केस गळतात?"

"गळतात."

"चक्कर?"

"येते. दोनदा काउंटरमागे खालीच बसले."

"तुमचं वजन वाढलेलं नाही, घसरलंय. फार घसरलंय. वाढलं म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काटा बिघडला असेल," धाकटी म्हणाली.

डॉक्टरीणबाई स्वतः काट्यावर चढून उतरल्या. "बरोबर आहे काटा."

"नाही डॉक्टर, माझे सगळे कपडे घट्ट होतायत. आणि ते वहिनी करतात." एवढं बोलून धाकटीने थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला. "यांच्या हातून दोऱ्याची चूक होत नाही. विचारा कुणालाही."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, थोरलीच्या मनात तर दिवस उजाडला होता. कापड आटलं असेल, एवढंच म्हणायचं होतं. सोपं होतं. तिने तेवढ्यासाठी तोंडही उघडलं. पण खांद्यावरचा तो हात, त्याची हाडं तिला जाकिटातून लागत होती.

"कपडे मी आत घेतले," ती म्हणाली.

"म्हणजे?" धाकटीने विचारलं.

"दर वेळी. नखभर."

"चुकून?" धाकटीच्या आवाजात अजून आशा होती. तीच थोरलीला सगळ्यात जास्त लागली.

"नाही गं. चुकून नाही."

धाकटीने हात काढून घेतला. खाली बसून बूट घातले, नाड्या बांधल्या, रक्ताच्या तपासण्यांचा कागद घेतला आणि लिफ्टकडे निघाली. थोरली गुडघे धरून जिन्याने उतरली, कारण लिफ्टपाशी धाकटीच्या शेजारी उभं राहायची तिची हिंमत झाली नाही.

मधले काही दिवस धाकटी फिरकली नाही. मग एका दुपारी आली, मोठी पिशवी घेऊन, आणि सगळे कपडे टेबलावर ओतले.

"उसवा," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

थोरलीने टाके काढायची टोकदार उसवणी हातात घेतली. धाकटी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि तिच्या बोटांवर नजर ठेवून राहिली, नव्या पोरीच्या कामावर थोरली ठेवायची तशी. पहिला स्कर्ट झाला, दुसरा झाला. मध्येच धाकटीने पर्समधून डबा काढला. दर थोड्या वेळाने खायचंच, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. डब्यात उकडलेलं अंडं होतं. तिने बारीक घास घेतला, कितीतरी वेळ चावला, मग दुसरा. अर्धं झालं तसं झाकण लावलं आणि डबा बाजूला ठेवला.

थोरलीची नजर त्या डब्यावर गेली आणि निघेना. अशा वेळी माणसाला लाज वाटावी, आणि तिला वाटतही होती, पण हेवा लाजेच्या आधी पोचला. अर्धं अंडं! उरलेलं तसंच ठेवून ही बाई शांत बसली होती. थोरलीने जन्मात कधी अर्धं काही ठेवलं नव्हतं, बिस्किटसुद्धा.

"तुझं बरं आहे," तिच्या तोंडून निघूनच गेलं. "तुला भूकच लागत नाही."

धाकटीने मान वर केली. "कोण म्हणालं?"

"दिसतंय की. अर्ध्यावर झाकण लावतेस."

"लागते, वहिनी. पहिलं वर्ष नव्हती, मग आली. तुम्हाला आली तशीच. रोज लागते. आत्ताही लागलीये, ते अर्धं मला इथून दिसतंय."

"मग?"

"मग काय? झाकण लावते. रात्री अंथरुणात पडून खायच्या गोष्टींचा विचार करते. आणि चार दिवसांनी कपडा घेऊन तुमच्याकडे येते, जमतंय का ते बघायला. तेवढाच एक आधार होता मला. तो कपडा सैल झाला की वाटायचं, आणखी चार दिवस काढता येतील."

म्हणजे डॉक्टरीणबाईंनी धाकटीच्या पोटातून थोरलीपेक्षा जास्त काहीच कापलं नव्हतं. ज्याच्यासाठी थोरली दुसऱ्यांदा टेबलावर झोपायला निघाली होती ते धाकटीपाशी कधी नव्हतंच. एवढी वर्षं ती जिच्यावर जळत होती ती बाई शेजारच्या ताटावर भुकेलीच बसत होती, आणि थोरली तिच्या अंगाभोवती शिवण आवळत होती.

उसवणी तिच्या हातात तशीच राहिली.

"थांबलात का?" धाकटी म्हणाली. "जाकीट राहिलंय अजून."