शाळेच्या भिंतीला गूळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण नंतर तुम्हाला माझी दया येणार आहे. काय घोळ घातला मी, काय सांगू! गावातल्या सभ्य माणसांत माझी गणना होती हो. होती!

आमच्या आसगावकडच्या खेड्यात एका खोलीची जुनी शाळा आहे. मी तिथंच शिकलो आणि मास्तर होऊन तिथंच शिकवलं. मुलं नव्या इमारतीत गेली आणि सरपंच म्हणाले, "जुनी खोली पाडू, सभामंडप बांधू." पाडू देणार नाही म्हणजे नाही!

शाळेच्या भिंती चुन्याच्या. मी कुठंतरी वाचलं होतं, जुने लोक चुन्यात गूळ, बेलाचा गर आणि हिरड्याचं पाणी घालत. ठरवलं, गुपचूप एक भिंत चकाचक करायची आणि सरपंचांना एकदम दाखवायची. पवनीहून काळा गूळ आणला. दुकानदार डोळा मिचकावून हसला. मला वाटलं, माणूस मनमिळाऊ आहे!

दोन ड्रममध्ये सगळं भिजवलं. थंड राहावं म्हणून ड्रम अर्धे जमिनीत पुरले, वर पोती टाकली आणि दाराला कुलूप. आता मला सांगा, आमच्या भागात असे ड्रम कोण पुरतं? ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं, फक्त मला सुचलं नाही.

त्यात वैशाख. गूळ असा फसफसला की वास पार पाणवठ्यापर्यंत! आणि गावातल्या दारूबंदी महिला समितीची अध्यक्ष कोण? माझी बायको, सुनंदा.

मी आतून कडी लावून ड्रम ढवळत होतो. बाहेरून लाठ्या आपटल्या.

"उघडा दार! भट्टी लावून राहिले का शाळेत?"

"अगं, मी आहे!"

"आवाज घरचाच वाटून राहिला वो अध्यक्षबाई," कुणीतरी म्हणालं.

मी दार उघडलं. सुनंदानं ड्रमावरचा फेस पाहिला, मग माझा चिकट सदरा पाहिला.

"तुमी जी? काहून?"

"हे भिंतीसाठी आहे."

"भिंत पिऊन राहिली का आता?"

"अगं, यानं भिंतीला ताकद येते!"

"सारे पेणारे असंच म्हणते!"

आता माझी हुशारी पहा. ही दारू नाही हे सिद्ध करायला मी ड्रममधलंच गिलासभर पाणी घटाघटा प्यालो. सगळ्या बायांसमोर! जीभ वाकडी झाली, डोळे फिरले आणि वरून उचकी लागली.

"पहा वो, पहा!" बायांनी एकच गलका केला.

गलका ऐकून गाव लोटलं. दोघंतिघं तर गिलास घेऊनच आले. सरपंच फटफटीवरून उतरले आणि मी उचक्या देत देत त्यांना कोपऱ्यात ओढत नेलं. तिथं पहिल्या ड्रमच्या पाण्यात चुना कालवून मी हातभर भिंत आधीच करून ठेवली होती. सरपंचांनी फटफटीच्या चावीनं खरवडली. कण निघेना! सुनंदानं हात फिरवला.

"गुळगुळीत आहे बाप्पा," ती हळूच म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

सरपंच मात्र भिंतीकडं पाहतच नव्हते. ते गर्दी पाहत होते.

"सचिवाले बलवा! ग्रामसभेले दरवेळी कोरम भरत नाही, आज भरला! आत्ताच सभा घेऊ."

भिंत एवढी पक्की होते तर पाडायची कशाला, म्हणून तिथंच ठराव झाला. शाळा पाडायची नाही, चुन्यानंच दुरुस्त करायची. मला रडू आलं. उचकीसकट.

मग सुनंदा उभी राहिली. "माही एक दुरुस्ती आहे. काम होईस्तोवर गुरुजीले शाळेत एकटं सोडायचं नाही."

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. माझाही हात वर होता. मनगट बायकोनं धरलं होतं.