धनवंताबाईची दुसऱ्या दिवसाची मंडई

सोयरीक जुळवताना माणसं काय काय पाहतात. मुलाची शेती किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का, सासू खाष्ट आहे की गरीब, दिराला दारूचा नाद तर नाही. धनवंताबाईनं हे सगळं पाहिलं होतं. लेकीच्या, मंजूच्या सोयरिकीसाठी ती स्वतः सौंदडकडच्या त्या गावी जाऊन आली, गोठ्यातल्या म्हशीचे दात तेवढे मोजायचे ठेवले. पण एक गोष्ट विचारायची राहिली, आणि झाडीपट्टीतल्या बाईनं तीच विसरावी म्हणजे कमालच झाली. त्या गावची मंडई कोणत्या दिवशी असते, हे तिनं विचारलं नाही.

मंडई म्हटल्यावर ज्यांना भाजीबाजार आठवतो त्यांनी दिवाळीनंतर एकदा आमच्या गोंदिया जिल्ह्यात यावं. लवकर पिकणारा हलका धान घरात आलेला असतो आणि एकेक गाव आपापला दिवस धरून जत्रा भरवतं. पाळणे येतात, जिलेबीच्या कढया लागतात, रात्रभर नाटक चालतं. गावच्या साऱ्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात आणि वर्षाच्या गप्पा एका दिवसात उरकतात. ज्या घरी मंडईला लेक नाही, त्या घरची चूल पेटली काय, न पेटली काय. हा दिवस आजे-पणजांपासून ठरलेला. धनवंताबाईच्या गावची मंडई भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आणि नशीब पाहा, मंजूच्या सासरचीही त्याच दिवशी.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत हे उघडं पडलं. मंजूचा फोन आला. "माय, माह्यानं येणं होत नाई. आमच्याइथंबी त्याच दिवशी मंडई आहे. घर भरून पाहुणे येतेत, अन् सासू म्हणते, सून घरी पाहिजे."

धनवंताबाईनं फोन ठेवला आणि सगळं सांगितलं. तिचा नवरा शालीकराम खाटेवरून म्हणाला, "घ्या आता. पोरगी देताना डोये कोठी होते तुहे?"

"तुमचे कोठी होते?"

शालीकरामनं खाटेवर कूस बदलली. त्याचे डोळे तेव्हा सोयऱ्यांच्या घरच्या मटणाच्या ताटावर होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता या बाईची वर्षभराची तऱ्हा सांगतो, म्हणजे तिला किती लागलं असेल ते कळेल. इतर लोक मंडई चार दिवसांत करतात, ही बारा महिने करायची. भाताला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ चुलीमागच्या मडक्यात, वर कडुनिंबाचा पाला. मोह वेचून विकला की त्यातलं थोडं मातीच्या गुल्लकात. तेंदूपत्त्याच्या दिवसांत हाताची बोटं काळी करून आणलेल्या मजुरीतलं काही, रोवण्यात गुडघाभर चिखलात उभं राहून मिळवलेल्यातलं काही, तेही तिथंच. पावसाळ्यात पिल्लं निघाली की चांगले तीन कोंबडे निवडून त्यांच्या पायाला लाल धागा. त्या धाग्याकडे घरात कोणी वाकडी नजर करायची नाही.

शालीकरामचा सुपारी-तंबाखूचा खर्राही यातून सुटला नाही. "अर्ध्या खर्र्यानं माणूस मरत नाई," असं म्हणून उरलेल्या अर्ध्याचे पैसे ती त्याच्या खिशातून काढून गुल्लकात टाकायची. एकदा भर आषाढात त्याचा भाऊ न सांगता जेवायला आला आणि घरात तांदूळ संपलेले. ही बाई मडक्याला हात न लावता शेजारच्या चंदाकडून उसने तांदूळ घेऊन आली.

"घरात तांदूळ असून उसने आणून राहिली?" शालीकराम कावला.

"थे घरातले नाई. थे मंडईचे आहेत."

पण ज्या लेकीसाठी हा सारा खटाटोप, तीच येईना. पोळ्याला यायची, तिजेला यायची, पण ते येणं निराळं. पहिल्या मंडईला दोन कोंबडे शिजले, इतर पाहुणे जेवून हात पुसून गेले. तिसरा मंजूच्या वाट्याचा, तो धनवंताबाईनं कापू दिला नाही. दुसऱ्या मंडईलाही मंजू आली नाही आणि तोच कोंबडा पुन्हा वाचला. तोवर तो कोंबडा असा माजला, की शालीकरामला अंगणातून काठी घेऊन जावं लागे.

यंदा दसऱ्याच्या आधीच धनवंताबाईनं पदर खोचला आणि मंडईचा कारभार पाहणाऱ्या दुधरामचं घर गाठलं.

"औंदा मंडई एक दिवस पुढं ढकला ना जी."

दुधराम हसता हसता सुपारीवर ठसकला. "तुह्या एका पोरीसाठी गावाची मंडई सरकवू काय व? नाटकवाल्याले इसार देऊन झाला. अन् आपण सरकलो का दुसऱ्या दिवशीच्या गावावर जाऊन आदळतो. मंग थे कोठी जातील?"

म्हणणं खरं होतं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मंग माह्या घरची मंडई मी दुसऱ्या दिवशी करतो."

ही बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. नळावर बाया हसल्या. शालीकरामनं डोक्याला हात लावला. "एका घरची मंडई अस्ते काय कोठी? पाळणा काय तू फिरवशील?" पण तिनं ठरवलं ते ठरवलं. मंजूच्या सासूला, निर्मलाबाईला, तिनं फोन केला. "इहीनबाई, तुमची मंडई आटोपली का दुसऱ्या दिवशी सकायीच मंजूले अन् जावयाले घेऊन या. तुमीबी या. तुमच्यासाठी मंडई धरून ठेवतो."

पलीकडून कोरडं उत्तर आलं. "पाहू." निर्मलाबाई एवढंच बोलायची. धनवंताबाईच्या मते ती बाई हसली तर तिच्या घरचं दूध नासत असावं.

भाऊबीज झाली, मंडई भरली, नेहमीप्रमाणे जोरात झाली. पण धनवंताबाईचं लक्ष पाळण्यावर. छोटेलालचा पाळणा बसायच्या चार डोल्यांचा, लाकडी, हातानं फिरवायचा. मंडई संपली की हे लोक सामान आवरून पुढच्या गावी जातात. संध्याकाळी ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. बगलेत तो माजलेला कोंबडा.

"उद्या दुपारपर्यंत थांबा जी."

"बाई, कल दूसरे गाँव में मंडई है."

"थे त् दुपारनंतर भरते. सकायी जाऊन तुमी काय झाडू मारता काय तेथी?"

छोटेलालनं कोंबड्याकडे पाहिलं. कोंबड्यानं छोटेलालकडे पाहिलं. "ये देगी?"

"देतो."

पाठीमागून शालीकराम कळवळला. "अव, थो मंजूचा आहे ना!"

"मंजूसाठीच देऊन राहिली," ती म्हणाली आणि लाल धागा सोडून कोंबडा त्याच्या हवाली केला. पाळणा थांबला म्हणून जिलेबीवालाही थांबला. जिथं पोरं तिथं त्याचा धंदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं रिकामं झालं. अंगणात मोठं पातेलं चढलं, दोन कोंबडे शिजले, गुल्लक फोडून मंजूसाठी आधीच आणलेलं हिरवं लुगडं कोनाड्यात घडी करून ठेवलेलं होतं. आदल्या दिवशी आलेल्या लेकी अजून गावातच होत्या. मंजू येणार म्हटल्यावर एकही गेली नाही. एकेक करत सगळ्या पाळण्याभोवती जमल्या. त्यांच्यामागं त्यांची पोरं, पोरांच्या मागं म्हाताऱ्या. नळावर हसलेल्या बायाही आल्या. दुधराम तर जिलेबीच्या कढईजवळ सगळ्यांच्या आधी उभा होता.

सगळे आले, मंजू तेवढी आली नाही.

ऊन वर चढलं. फोन लावला तर कोणी उचलेना. धनवंताबाई चार वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आली. "पाहू म्हणे," ती पुटपुटली. "आता पाहा अन् बसा." छोटेलालनं विचारलं, "बाई, अब खोलूँ क्या?" आणि उत्तराची वाट न पाहता पहिल्या डोल्याची दोरी सोडायला घेतली.

तेवढ्यात वळणावर काळीपिवळी गाडीचा हॉर्न वाजला. गाडी थांबली. आधी जावई उतरला, मग मंजू, मग डोक्यावर पदर नीट करत निर्मलाबाई. गाडी वाटेत पंक्चर झाली होती आणि फोन मंजूच्या पिशवीत तळाशी होता. मंजू पळत आली ती थेट आईच्या गळ्यात. मग तिला मैत्रिणींनी ओढून पाळण्यात बसवलं आणि छोटेलालनं सोडलेली दोरी पुन्हा बांधली. पोरगी वर गेली की ओरडे, खाली आली की हसे. धनवंताबाई खाली उभी राहून डोळे पुसत होती आणि कोणी पाहिलं तर म्हणत होती, धूर गेला.

निर्मलाबाई बाजूला उभी होती. नजर पाळण्यावर, तोंड तसंच बंद.

"बसता काय इहीनबाई?" धनवंताबाईनं उगाच विचारलं.

निर्मलाबाई एक पाऊल पुढं सरकली. मग म्हणाली, "माह्या माहेरचीबी मंडई त्याच दिवशी अस्ते. लगीन झालं तवापासून एकबी पाहिली नाई. सासू म्हणे, सून घरी पाहिजे. मंग मीबी मंजूले थेच म्हटलं. मले दुसरं माईतच नव्हतं."

दोन वर्षं हिला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या धनवंताबाईला एकदम आठवल्या आणि तिला स्वतःची लाज वाटली. तिनं विहिणीचा हात धरला, छोटेलालला पाळणा थांबवायला लावला, मंजू उतरली आणि दोघी विहिणी एका डोल्यात बसल्या. पाळणा वर गेला तेव्हा निर्मलाबाईनं धनवंताबाईचा दंड घट्ट धरला आणि अशी खदखदून हसली, की मंजूनं तोंडात घातलेली जिलेबी तशीच राहिली. ती हसते हे सुनेला तीन वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

जेवताना कोनाड्यातलं हिरवं लुगडं निघालं. धनवंताबाईनं मंजूकडे पाहिलं, मंजूनं होकारार्थी मान हलवली, आणि लुगडं निर्मलाबाईच्या ओटीत पडलं.

सगळे परत गेल्यावर संध्याकाळी धनवंताबाईनं भाताला तांदूळ घेतले. एक मूठ रिकाम्या मडक्यात टाकली. मग आणखी एक टाकली.

"हे दुसरी कोनाची?" शालीकरामनं विचारलं.

"इहीनबाईची."

शालीकरामनं मडक्यात डोकावून पाहिलं. मग खिशातून खर्र्याची पुडी काढली, अर्धा खाल्ला, अर्धा बांधून ठेवला आणि म्हणाला, "नवीन गुल्लक कवा आणतेस?"