मागच्या झाकणाखालचा ओटा

"एकदा तरी कोणाच्याही घरी न उतरता कुठेतरी जाऊया," असे पत्नी म्हणाली, तेव्हा मला निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. वाक्य साधे होते. त्याचा अर्थ लावण्यात मी जवळजवळ एक वर्ष घालवले.

तिच्या म्हणण्यात तथ्य होते. या देशात आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ काढला. पण ज्याला सहल म्हणावे, ती प्रत्येक वेळी कोणाच्या तरी घरीच संपली. लीड्सला माझा धाकटा भाऊ, लेस्टरला तिची मावसबहीण, कार्डिफला माझा वर्गमित्र. पोचायचे, जेवायचे, एखादा किल्ला बाहेरून पाहायचा, परत येऊन जेवायचे. ज्या गावात आपले माणूस आहे तिथे भाड्याची खोली घेणे, हा त्या माणसाचा अपमान होता. भावाने सहा महिने फोन केला नसता. आणि ज्या गावात आपले माणूस नाही, तिथे जाण्याचे आम्हाला कधी सुचले नाही.

रेल्वेच्या सिग्नलचे आराखडे तपासणे हे माझे काम होते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळत असे. त्या सवयीने मी तिच्या वाक्याचे पृथक्करण केले. कोणाचे घर नको, म्हणजे स्वतःचे हवे. ते सोबत न्यायचे, तर त्याला चाके हवीत.

हा निष्कर्ष हवेतून आला नव्हता. त्याच उन्हाळ्यात लीड्सला जाताना मोटरवेवरच्या विश्रांतिस्थानाच्या वाहनतळावर आम्ही एक वस्तू पाहिली होती. लहानशा मोटारीमागे जोडलेली, पाण्याच्या थेंबासारखी, पुढे फुगीर आणि मागे निमुळती लाकडी पेटी; आत दोघांना आडवे होता येईल एवढीच जागा. एक वृद्ध इंग्रज मागचे झाकण वर करून त्याखालच्या ओट्यावर चहा करीत होता. त्याची बायको आत उशीला टेकून वर्तमानपत्र वाचत होती. पत्नी तिथे उभी राहिली. मी दोनदा हाक मारली, तरी हलली नाही. एवढा वेळ तिने एखाद्या वस्तूकडे पाहिल्याचे मला आठवत नव्हते. त्या माणसाने त्या वस्तूचे नाव टिअरड्रॉप ट्रेलर असे सांगितले. मी चाके तपासली आणि नाव टिपून घेतले.

त्यानंतर जे सुरू झाले, त्याला गोंधळ याहून नेमका शब्द मला सापडत नाही. तीन ठिकाणांहून माहितीपत्रके मागवली. तिन्ही एकमेकांना खोडून काढीत होती. एकाच्या मते दोन्ही बाजूंना दारे हवीतच. दुसऱ्याच्या मते दुसरे दार म्हणजे पाणी झिरपण्याची दुसरी जागा. एक म्हणे छताला झडप नसेल तर सकाळी अंथरूण दमट होते; दुसरा म्हणे झडप असेल तर ते ओले होते. ट्रेलरच्या नाकाचा भार मोटारीच्या हुकवर किती पडावा, हे प्रत्येकाने वेगळे सांगितले. ब्रेक नसलेला ट्रेलर मोटारीच्या निम्म्या वजनाहून हलका असावा, हा नियम मात्र सर्वांना मान्य होता. पण वजन रिकाम्या ट्रेलरचे धरायचे की सामानासकट, यावर पुन्हा मतभेद. मी स्नानगृहातला वजनकाटा बाहेर काढला आणि घरातली भांडी एकेक करून तोलली. पत्नीने ते पाहिले.

मुलगी लंडनच्या पिनर उपनगरातच, आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे राहते. ती माहितीपत्रके चाळून म्हणाली, "बाबा, सीरियसली? हा ट्रेलर इतका छोटा आहे! आई आत कशी जाणार? तिचा गुडघा बघा ना."

"पायरी करता येईल."

"मग एक कॉटेज रेंट करा. नॉर्मल लोकांसारखं."

"कॉटेज म्हणजे कोणाचे तरी घरच."

"बाबा, ते लॉजिक नाही, हट्ट आहे."

आईकडे वळून ती म्हणाली, "आई, तू सांग ना काहीतरी." पत्नी म्हणाली, "ते बघतायत ना." आमच्या घराची रीत तशीच होती. गालिचा, मोटार, बॉयलर, मुलीची शाळा: मी पाहत असे, मी ठरवीत असे. तिने नापसंती दर्शवल्याचे मला आठवत नाही. म्हणून पसंती होती, असे मी धरून चालत आलो.

शेवटी लीड्सच्या पलीकडे, एका जुन्या गोठ्यात असे ट्रेलर हाताने बनवणारा सुतार सापडला. आम्ही शनिवारी निघालो. उतरायचे अर्थात भावाकडे. मोटारीच्या डिकीत मी पाच लिटरचा प्रेशर कुकर, तवा, पोळपाट आणि लाटणे ठेवले. ज्या वस्तू बसवायच्या आहेत त्या प्रत्यक्ष बसवून पाहाव्यात, हे मला नोकरीने शिकवले होते.

सुतार साठीचा, काटक, मितभाषी होता. मला तो आवडला. गोठ्यात ताज्या प्लायवूडचा आणि वॉर्निशचा वास होता. दोन ट्रेलर तयार होते. पहिल्याच्या मागे ऐसपैस ओटा होता: दोन शेगड्या, लहानशी मोरी, तीन कप्पे, परंतु ओट्यासाठी बिछान्याची लांबी कापली होती, आणि आत पाय किंचित दुमडून झोपावे लागे. दुसऱ्यात बिछाना पूर्ण लांबीचा, उशाशी खिडकी, पुस्तकासाठी फळी. मागे मात्र एक शेगडी मावेल एवढीच पट्टी.

मी कुकर पिशवीतून काढून पहिल्याच्या ओट्यावर ठेवला. सुताराने तो सर्व बाजूंनी पाहिला.

"हे काय? वाफेचं इंजिन?"

"प्रेशर कुकर. वरच्या झाकणापर्यंतचे अंतर शिट्टीसकट मोजा."

"त्याची शिट्टी होते तेव्हा झाकण उघडंच असणार, साहेब. अंतर आभाळापर्यंत आहे."

"तो बंद झाकणाखाली ठेवून न्यायचाही आहे."

त्याने मोजले. शिट्टीसकट बोटभर जागा उरली. पोळपाटासाठी एक सरकती फळी बसवून देईन, असे तो म्हणाला. पोळी म्हणजे काय, हे मी त्याला समजावून सांगितले. वाऱ्याने पीठ उडू नये म्हणून दोन्ही बाजूंना पडदे लावण्याची सूचनाही मी केली. मग त्याने दारात उभ्या असलेल्या पत्नीला विचारले, "आणि बाईसाहेब, तुम्हाला यात काय करायचंय?"

ती इंग्रजीत म्हणाली, "झोपायचंय."

सुतार हसला. मीही हसलो. ती आत वाकून दुसऱ्या ट्रेलरच्या बिछान्यावर बसली, गुडघा हाताने उचलून आत घेतला, आणि आडवी झाली. आम्ही हुकच्या उंचीवर बोलत राहिलो. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आले, की ती अजून बाहेर आलेली नव्हती.

त्या संध्याकाळी भावाच्या घरी पुरणपोळ्या झाल्या. भावजय रुग्णालयात होती. शनिवार-रविवारची पाळी तिच्याकडेच असे. त्यामुळे स्वयंपाकघरात पत्नी होती. हे दर खेपेस असेच होई, आणि ती त्यात तरबेज होती. शाळेच्या भोजनगृहात तिने बावीस वर्षे काढली होती. भाऊ माहितीपत्रक हातात धरून म्हणाला, "दादा, ह्यात झोपायचं की हे पोस्टात टाकायचं?" मग आतल्या दिशेने आवाज दिला, "वहिनी, उद्या निघायच्या आधी थालीपिठं लावाल ना? वाटेत तुम्हालाही होतील!"

"लावते," आतून उत्तर आले.

घरी परतल्यावर मी पहिल्या ट्रेलरची मागणी लिहून काढली. सरकती फळी, पडदे, पायरी, सर्व नमूद केले. पत्र टाकण्यापूर्वी तिला दाखवले. तिने ते शेवटपर्यंत वाचले, घडी घातली आणि म्हणाली, "छान आहे. तुम्ही जाऊन या. मी घरी थांबते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही जा. मी नाही येणार."

मी पत्र पाठवले नाही. ती येणार नसेल, तर मला त्या लाकडी पेटीचे काय करायचे होते? मला समुद्र पाहण्याची विशेष ओढ नव्हती. जे काही चालले होते ते तिच्या एका वाक्यासाठी, आणि आता तीच बाजूला झाली होती. मी पुन्हा तपासणी केली. गुडघा असेल, म्हणून पायरी आणखी दोन इंच खाली घेतली. शौचालयाची अडचण असेल, म्हणून ज्या तळांवर चांगली सोय आहे त्यांची नावे काढली. दमटपणा असेल, म्हणून छतावरच्या झडपेचा प्रश्न तिसऱ्यांदा उघडला. मग आठवले, की पायाशी दक्षिण आलेली तिला खपत नाही. भावाच्या घरीसुद्धा ती पलंगाची दिशा विचारून मगच उशी मांडते. घराला दिशा असते, ट्रेलरला नसते. मी होकायंत्र विकत आणून तिच्यासमोर ठेवले.

"हे कशाला?"

"रोज संध्याकाळी ट्रेलर हाताने वळवून घेता येईल. डोके दक्षिणेला. मी सुताराला विचारले आहे."

ती हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग होकायंत्र उचलून खिडकीत ठेवले, आणि येण्याविषयी काहीच बोलली नाही. मी अधिकच गोंधळलो. सिग्नलच्या आराखड्यात दोष असला तर तो कुठेतरी असतोच. रेघेवरून बोट फिरवीत गेले की सापडतो. इथे प्रत्येक रेघ बरोबर होती.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, दुपारी, ती टेबलाशी मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो. काही वेळाने मीही एक जुडी ओढून घेतली. हे मी सहसा करीत नसे.

"कोवळ्या दांड्या ठेवा, जाड टाका," ती म्हणाली. मग मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी मोटरवेवर तुम्ही काय पाहिलंत हो?"

"कुठे?"

"तो ट्रेलर होता तिथे."

"चाके. हुक. झाकणाची बिजागरी."

"आणि ती बाई?"

"कोणती?"

"आत पाय पसरून पेपर वाचत होती ती. नवऱ्यानं चहा आणून दिला, तर मानसुद्धा वर केली नाही. नुसता हात पुढे केला." तिने एक दांडी मोडली. "मी तिच्याकडे बघत होते."

मी हातातली दांडी जाड की कोवळी, ते पाहू लागलो.

"लीड्सला गेले की ओटा. लेस्टरला ओटा. कार्डिफला तर त्यांची शेगडी कशी पेटवायची ते मीच शिकवलं त्यांना. म्हटलं, एकदा कोणाच्या घरी नको. तर तुम्ही कुकर घेऊन निघालात. पोळपाट घेतलात. म्हणजे मी समुद्रावर जाऊन काय करायचं? उभ्यानं पोळ्या. त्याही पडद्यांत."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. त्या सुतारानं विचारलं, तेव्हा सांगितलं ना."

"मला तो विनोद वाटला."

"हो. हसलात दोघंही."

मेथीची माती बोटांना लागली होती. मी उठून हात धुतले. वाद घालण्यासारखे काही नव्हते. जे तिने पाहिले तेच मीही पाहिले होते. माझ्या टिपणवहीत ते नव्हते, इतकेच.

सुताराला फोन केला. दुसरा ट्रेलर हवा, पूर्ण लांबीचा बिछाना, पुस्तकाची फळी, मागे एकच शेगडी.

"आणि ते इंजिन?" त्याने विचारले.

"ते घरी राहील."

"मग जेवणार काय?"

हा प्रश्न रास्त होता. मी म्हटले, "मला चहा येतो." तेसुद्धा पूर्णतः खरे नव्हते.

पुढल्या वर्षी जूनमध्ये आम्ही कार्डिफपासून दूर, वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलो. तिथे आमचे कोणीही राहत नव्हते. भावाला आम्ही सांगितले नाही; सांगितले असते, तर त्याने तिथेही कोणाची तरी ओळख काढली असती.

पहिल्या सकाळी बारीक पाऊस होता. मी मागचे झाकण वर केले आणि त्याखाली उभा राहिलो. आत ती उशीला टेकून बसली होती. डोके रात्रभर दक्षिणेला होते, ते मी पाहून घेतले होते. मधल्या लाकडी भिंतीला हातभर खिडकी होती. शेगडी चौथ्या काडीला पेटली. पाणी उकळले. आले किसायचे की ठेचायचे, हे ठरेना, मी कापले. चहाची पूड सापडली. दूध सापडले. साखर सापडेना.

"साखर कुठे ठेवली आहेस?" मी खिडकीतून विचारले.

आतून मासिकाचे पान उलटल्याचा आवाज आला.

मी पुन्हा सर्व कप्पे पाहिले, दोनच होते. मग बिनसाखरेचा चहा गाळला आणि कप खिडकीतून आत धरला. तिने मान वर केली नाही. नुसता हात पुढे केला.

मी पावसात उभा राहून माझा कप संपवला. चहा वाईट होता. तिने तो पूर्ण प्यायला. कप रिकामा परत आला. आवडला की नाही, हे तिने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. साखर बिछान्याखालच्या खणात होती. ती तिने तिथे मुद्दाम ठेवली होती काय, हे मला अद्याप कळलेले नाही.