पांजरपोळातली चिवनी

बोनकोड्याच्या गोजरेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका बैलाला झापत होती. बैल म्हातारा, आदल्याच दिवशी घणसोलीहून आणून सोडलेला. "घनसोलीवाल्या, तुज्या मालकाला तू नको झालास, मना नाय झालास. खा मुकाट्यान," असं म्हणत ती त्याच्या पुढ्यातलं गवत हातानं मोकळं करत होती. सन १९५६. मी लग्न होऊन नुकतीच पुण्याहून आले होते. ह्यांची बदली इथल्या शाळेवर झाली होती आणि आमच्या परसाला लागूनच तो पांजरपोळ होता.

मुंबईच्या एका शेठ घराण्यानं थकलेल्या गुरांसाठी खाडीकाठी तो बांधला होता. दोन लांब गोठे, गवताचं कोठार आणि भोवती निवडुंगाचं कुंपण. गोजरेचा नवरा गणू मिठागरावर कामाला जायचा आणि पांजरपोळाचा सगळा कारभार गोजरेच्या अंगावर. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. बैलांना ती त्यांच्या गावांवरून हाका मारायची आणि त्यांच्या मालकांना त्यांच्या माघारी नाही नाही ते बोलायची.

चिवनी तिच्याकडे आली ती एका कोळणीच्या पाटीमागून. कोळीण निघून गेली, कुत्री राहिली. हडकुळी, राखी रंगाची, तोंडावर लांब मिशा. खाडीत चिवणी नावाचा मिशाळ मासा मिळतो, तेच नाव गोजरेनं तिला दिलं. गुरांच्या धर्मशाळेत माशाच्या नावाची कुत्री, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण शेठच्या माणसांना खाडीतले मासे ठाऊक नव्हते.

हिला राखणीला ठेवावी असा गोजरेचा विचार होता. पण चिवनीनं आपलं काम आपणच शोधलं. नवं जनावर आलं की ते मान खाली घालून उभं राहायचं, चाऱ्याला तोंड लावायचं नाही. जन्मभर ज्याच्यासोबत जू ओढलं तो जोडीदार कुठे गेला हे त्याला कोण सांगणार? अशा जनावराच्या गव्हाणीत चिवनी जाऊन गवतावर अंगाची मुटकुळी करून पडायची. भुंकायची नाही, हलायची नाही. जनावर आधी फुरफुरायचं, मग तिला हुंगायचं, मग चाटायचं. चाटता चाटता गवताची एखादी काडी तोंडात जायचीच. गोजरा म्हणायची, गणूबरोबर मिठागरावर लोळून येते, तिच्या अंगाला मीठ असतं, म्हणून चाटतात. मला वाटायचं, मीठ असेलही, पण सोबतही असेल. आमचा हा वाद कधी मिटला नाही.

अडचण एकच होती. चिवनी मासळीशिवाय काही खात नसे. पांजरपोळात मासळीला सक्त मनाई होती. गोजरा स्वतः हा नियम काटेकोर पाळायची, घरून जेवून यायची. पण चिवनीसाठी ओच्यात मूठभर सुकट लपवून आणायची. एकदा महिन्याच्या फेरीला आलेल्या शेठच्या मुनीमजींनी गव्हाणीत हात घातला आणि त्यांच्या हाताला बोंबलाचं डोकं लागलं. चिवनीनं ते पुढच्या वेळेसाठी पुरून ठेवलं होतं.

मुनीमजींनी तीन वेळा हात धुतले. मग शांतपणे सांगितलं की कुत्री पुन्हा आत दिसली तर गोजरेनंही यायचं कारण नाही.

गोजरेनं दूध-भाकरी देऊन पाहिलं. चिवनीनं भाकरी हुंगली आणि अंगणात पुरून टाकली. शेवटी तिला घरी बांधलं. ती दिवसभर पांजरपोळाकडे तोंड करून बसायची. नवी जनावरं आत तशीच उभी राहायची. एक गाय दगावली, एक बैल उठेना. गणू म्हणाला, "नोकरी सांभाल. कुत्री काय, दुसरी मिलंल." त्या रात्री त्याला कालवण मिळालं नाही, असं त्यानंच आमच्या ह्यांना येऊन सांगितलं.

अशातच शेठच्या घरची गाय आली. गोमती तिचं नाव. शेठच्या आई, जडावबा, तिला स्वतःच्या हातानं वाढवलेली म्हणायच्या. मुंबईतल्या घराचा गोठा मोडला म्हणून गाय इकडे पाठवली आणि गायीनं चारापाणी सोडल्याचं कळताच जडावबा मुनीमजींना घेऊन ठाण्यावरून मोटारीनं आल्या. पांढरं लुगडं, हातात गूळ-रोटलीचा डबा. गायीच्या तोंडाशी रोटली धरून त्या दुपारपर्यंत बसल्या. गाय मान फिरवत राहिली. मीही त्यांना पाणी द्यायला गेले होते, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

गोजरा घरी गेली आणि चिवनीला घेऊन आली. कुत्री नुकतीच जेवलेली, मिशांना सुकट चिकटलेली. मुनीमजी आडवे आले. गोजरा म्हणाली, "मना काढाची तर उंद्या काढा. आज हिला आत जाव दे." आणि तिनं दोर सोडला.

चिवनी थेट गव्हाणीत शिरली. जडावबांनी पदर नाकाला लावला. बराच वेळ काही झालं नाही. मग गोमतीनं मान खाली घातली, कुत्रीची पाठ हुंगली आणि खरखरीत जिभेनं चाटू लागली. थोड्या वेळानं तिनं पाण्याच्या बादलीत तोंड घातलं. जडावबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पदर मात्र नाकावरच होता.

"हा वास कसला येते?" त्यांनी विचारलं.

मुनीमजी सांगायला तोंड उघडणार, तोच गोजरा बोलली. "मासली खाल्ली तिनं. मीच देते. तिला दुसरा कायच खपत नाय."

जडावबा गायीकडे बघत राहिल्या. मुनीमजी मालकिणीच्या तोंडाकडे. मला वाटलं, संपलं.

"माझी गायनी तोंड फिरवला नाय," त्या सावकाश म्हणाल्या, "मी कशाला फिरवू? पण मासली आतमधे नाय. कुंपणच्या बाहेर जेवेल, तोंड धुवून आत येईल."

तेव्हापासून फाटकाशी पाण्याचा रांजण आला. दुपारी चिवनी कुंपणाबाहेरच्या बांधावर जेवायची आणि गोजरा तिचं तोंड खळखळून धुऊन आत सोडायची. पहिले काही दिवस चिवनी गुरगुरली. गावातल्या बायका विचारायच्या, कुत्रीची मुंज कधी केलीस? गोजरा म्हणायची, तुमच्या नवऱ्यांपेक्षा सोवली हाय ती.

गोमती पुढं चांगली सात वर्षं जगली. चिवनी मागच्या साली, १९६६ मध्ये, म्हातारी होऊन गेली. तिची दोन पिल्लं आता तेच काम करतात. पण माझ्या डोळ्यांपुढे येते ती गोमती आल्यानंतरच्या महिन्यातली एक दुपार. मुनीमजी ट्रकमधून तीन बैल घेऊन आले होते. एकही बैल खाली उतरायला तयार नव्हता. मुनीमजींनी गोजरेला चिवनीला आणायला पाठवलं नाही. ते बांधापर्यंत चालत गेले, जेवण आटोपलेल्या चिवनीला फाटकाशी घेऊन आले, धोतर सावरून उकिडवे बसले आणि रांजणातून तांब्या भरून फाटकाशी उभ्या गोजरेला म्हणाले, "गोजराबेन, तुम्ही तोंड धरा, मी पाणी घालतो."