टिलर आन माझा हातगुण

तिकोना किल्ल्याच्या पायथ्याशी, पवनेच्या धरणाला लागून एक घर हाय. घरात नाना, म्हणजे आमचे मालक, लेक संपत, सून रेखा, मी गजरा, आन पडवीत उभा असतो तो पाचवा, आमचा पॉवर टिलर! बैलं विकली तवा नांगरटीला, भाताच्या चिखलणीला ह्यालाच आणला. त्याला बिघडायची खोड, मला दुरुस्तीची खोड. दोघांच्या मधे इतके किस्से साठलेत की पाहुणा चहाच्या आधी किस्सा मागतो. मला लिहिता येत न्हाई, रेखा लिहून घेतीय. मधेच हसायचं न्हाई, ह्या अटीवर.

पण औंदा हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. संपतनं उन्हाळ्यातच बजावलं, "आई, चिखलणीला ह्यो बंद पडला तर भंगारात घालीन, आन खाचरं तंबूवाल्याला देईन. झोपू देत पर्यटक तितं!"

धरणाकाठी आता जिकडं तिकडं तंबूच हायत. पण माझ्या खाचरात इंद्रायणी भात सोडून दुसरं काय उभं राहिलेलं मी बघितलं न्हाई. म्हणलं, "बघतेच कसा बंद पडतो! मी स्वतः लक्ष घालते."

हे ऐकूनच नाना घाबरले. का, ते सांगते.

*

टिलर आला त्या वर्षीचा पोळा. गोठा रिकामा, मला करमेना. म्हणलं, राबतो तर हाच, मंग पोळाबी ह्याचाच! धुतला, हँडलला गोंडे बांधले, हळद-कुंकू लावलं, ओवाळला. आता घास भरवायचा. पण ह्याचं तोंड कुटं? वर एक नळकांडं दिसलं, उघडं. पुरणपोळीची सुरळी केली आन सरकवली आत. चांगली दाबून! सणाच्या दिवशी उपाशी कशाला?

दुसऱ्या दिवशी हँडल मारून मारून संपतचे खांदे भरून आले. कामशेतवरनं सलीम मिस्त्री आला. त्यानं सायलेन्सरमधे तार घातली, पुरण बाहेर ओढलं, हुंगलं आन म्हणाला, "आज्जी, जायफळ जरा जास्त झालंय!"

*

पुढं सलीमनंच सांगितलं, डिझेल गाळून टाकत जा, कचरा जातो. गाळण्यात माझा हात कोण धरणार? दुधाचं फडकं स्वच्छ धुतलं, पिळलं आन त्याच्यातनं डिझेल टाकीत. टिलर अर्धं खाचर चालला आन उचक्या देत थांबला. सलीमनं येऊन टाकी उघडली.

"आज्जी, डिझेलमधे पाणी कुटनं आलं?"

"अरं, ओल्या फडक्यानं चांगलं गाळतं!"

त्यानं कपाळाला हात लावला. टाकी रिकामी करून, धुऊन दिली. मंग मी चहाची गाळणी घेतली. कोरडी! टिलर असा पळाला म्हणता! पण संध्याकाळी त्याच गाळणीनं नानांचा चहा झाला. दोन घोट घेऊन नाना उठले, पायात चपला घातल्या.

"अवो, कुटं निघालात?"

"लोणावळ्याला! एवढ्या डिझेलात जाऊन येणं व्हतंय."

*

एका थंडीत इंजिन गारठू नये म्हणून मी टिलरवर पेंढा पसरला, वर गोधडी घातली. त्या उबेला आमची तांबडी कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली. संपतला गव्हाची नांगरट करायची घाई. मी आडवी आले, "पिल्लं निघू देत आधी!"

"आई, टिलर आपला का कोंबडीचा?"

"सध्या तिचा."

शेवटी भाड्यानं दुसऱ्याचा टिलर आणला. त्याचा आवाज ऐकून कोंबडी जी उधळली, ती अंड्यांवर परत बसलीच न्हाई! संपतनं भाड्याचा हिशेब माझ्या पुढ्यात टाकला. नाना म्हणाले, "पुढच्या वर्षी शेळी बांधायची का वर?"

*

सारखं यायचं म्हणून सलीम वैतागला. म्हणाला, "आधी फोनवर आवाज ऐकवत जा, मी सांगतो काय बिघडलंय." एकदा घरी मी एकटीच. टिलर चालूच होईना, मंग आवाज कुटला ऐकवू? मीच काढला! "खर्रर्र... खर्रर्र... ठक ठक... फुस्स!"

"परत एकदा, आज्जी."

परत काढला.

"जरा जोरात."

नरडं फाटंस्तवर काढला. तिकडनं हसण्याचा गलका आला. मेल्यानं स्पीकर लावला व्हता, सगळं दुकान ऐकत व्हतं! मंग म्हणाला, "कळला आजार. टाकीत डिझेल हाय का बघा."

टाकीत ठणठणाट!

*

तर औंदाची चिखलणी. खाचरात पाणी उभं, रोप लावणीला आलेलं, टिलरला लोखंडी चाकं चढवलेली, आन टिलर मुका! मी पुसलं, ग्रीस भरलं, नळी फुंकली. जितका हात लावावा तितका गप्प. सलीम नेमका गावाला गेलेला. संपतनं दोन फोन केले. एक तंबूवाल्याला, एक भंगारवाल्याला. रेखा आत भांडी आपटायला लागली.

भंगारवाला टेम्पो घेऊन आला आन घराच्या अलीकडं बांधाला रुतला. पुढं न्हाई, मागं न्हाई. चाक फिरलं की चिखल थेट नानांच्या टोपीवर!

"ट्रॅक्टर मिळंल का कुणाचा?" त्यानं इचारलं.

ट्रॅक्टर सगळे चिखलणीला गुंतलेले. सगळ्यांनी टिलरकडं बघितलं. मी पदर खोचला आन निघाले.

"आत्या! तुमी न्हाई!" रेखा ओरडली.

"मंग मी काय करू?"

"टेम्पोत बसा. ह्या दादांना मागनं ढकलायला जावं लागंल. स्टिअरिंग सरळ धरा, आन दुसऱ्या कशालाच हात लावू नका."

भंगारवाल्यानं मला केबिनमधे चढवलं, दार लावलं, काच वर केली. संपतनं हँडल मारलं.

पहिल्याच फटक्याला टिलर सुरू!

संपतनं टिलरकडं बघितलं. मंग काचेतनं माझ्याकडं बघितलं. दोर बांधला, टिलरनं ओढला, नाना आन भंगारवाल्यानं मागनं रेटला, आन टेम्पो सुक्या वाटेवर! मी आत नव्या नवरीसारखी ताठ. दोर सुटला तशी दाराला हात घातला.

"आई, उतरू नको!" संपत किंचाळला आन चालू टिलर तसाच खाचरात घातला.

एक खाचर झालं, दुसरं झालं. रेखानं लावणीच्या बायकांना फोन लावले. तंबूवाल्याचा फोन आला, तर संपत टिलरमागनं चालता चालताच ओरडला, "जागा न्हाई, दादा! भात लावतोय!"

दिवस मावळंपतूर सगळी खाचरं लोण्यासारखी झाली. मला जेवण केबिनमधे, चहा केबिनमधे. भंगारवाला बिचारा बांधावर बसून. शेवटी काचेवर टकटक करून म्हणाला,

"मावशी, टिलर ऱ्हाऊ द्या तुमचा. माझा टेम्पो तरी मला देता का?"