गडग्यातली पिंपरी

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात देवरुखहून शुभदाने एक फोटो पाठवला. शुभदा माझी कॉलेजातली मैत्रीण, आता तिथल्या शाळेत शिकवते. फोटोत ढासळलेला गडगा होता, म्हणजे जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचून केलेलं कुंपण. त्या दगडांना मुळांनी कवटाळून एक पिंपरीचं झाड तिरकं लोंबत होतं. उंची जेमतेम कमरेइतकी, बुंधा मात्र मांडीएवढा. खाली तिने लिहिलं होतं, "संगमेश्वरजवळच्या एका काकींचं आहे. पावसात गडगा पडला. गणपतीला मुंबईची मंडळी यायच्या आत नवा रचायचाय, तेव्हा हे तोडणार. तुला हवंय का?"

पिंपरी वडा-पिंपळाच्या गोतातली. नर्सरीतलं रोप आणून वीस वर्षं खपलात तरी असा बुंधा मिळत नाही. तरीही मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका पडक्या विहिरीच्या कठड्यातला उंबर मी असाच हौसेने काढून आणला होता. बोन्सायचं प्रदर्शन जवळ आलं होतं. मुळं धरायची वाट न बघता मी त्याला उथळ कुंडीत बसवलं, फांद्यांना तारा गुंडाळल्या, वाकवलं. लोकांनी कौतुक केलं आणि दीड महिन्यात झाड वाळलं. त्यानंतर मी कुठलंही झाड मुळासकट उचललं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी "येते" म्हणून कळवलं.

कोल्हापुरातून सकाळी सहाला निघाले. आंबा घाटात धुकं इतकं दाट होतं, की समोरच्या ट्रकचे फक्त लाल दिवे तरंगत जाताना दिसत होते. या दिवसांत गाडीने जाणार असाल तर घाई करू नका, पहाटेच्या अंधारात तर घाट टाळाच. साखरप्याला चहा आणि गरम भजी खाल्ली. तिथून देवरुखचा फाटा घेतला. रस्ता अरुंद पण बरा आहे, खड्डे पाण्याने भरलेले असल्यामुळे खोली कळत नाही एवढंच. देवरुखच्या अलीकडे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, गाडी थांबवली. एरवी काळाभोर दिसणारा कातळ निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून गेला होता. सीतेची आसवं म्हणतात त्या फुलांना. वारा आला की सगळा सडा एकदम हलल्यासारखा वाटायचा आणि मग पुन्हा धुक्यात जायचा. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. शुभदाचा फोन आला तेव्हा भानावर आले.

दुपारचं जेवण तिच्याकडे झालं: तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी, कुळथाचं पिठलं. (देवरुखात राहायचं असेल तर घरगुती सोय सहज होते, मात्र श्रावणात मासे मागू नका.) पाऊस थांबेना, म्हणून झाड दुसऱ्या दिवसावर टाकलं आणि संध्याकाळी कसब्याला कर्णेश्वराच्या देवळात जाऊन बसलो. ओल्या दगडाचा वास, बाहेर पागोळ्यांचा एकसुरी आवाज.

सकाळी उघडीप मिळाली. झाड ज्यांचं त्या सुलोचनाकाकींच्या घरी गाडी जात नाही, पाखाडीच्या साठेक पायऱ्या चढाव्या लागतात. काकी सत्तरीच्या, बारीक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. झाडाशेजारी उभ्या राहून त्यांनी आधी मला निरखलं.

"ह्याचं करणार काय तू?"

"कुंडीत लावणार. लहानच ठेवणार, पण जुन्या झाडासारखं."

"लहानच हाय ते," काकी म्हणाल्या. "मी वाढू दिलंय कुठं? तीस वर्षं झाली, दरवर्षी कोयतीनं छाटतंय. शेळीला पाला लागतो."

मी खाली बसून बुंधा पाहिला. खरंच, दर वितीवर एक जुनी जखम होती, सालीने मिटवलेली, आणि प्रत्येक जखमेपाशी खोड किंचित वळून पुढे निमुळतं होत गेलं होतं. आमच्या बोन्सायच्या वर्गात हेच शिकवतात: तोडा, वाढू द्या, पुन्हा तोडा. काकींनी ते तीस वर्षं केलं होतं, शेळीसाठी.

मी त्यांना तसं सांगितलं. त्या हसल्या. "मग फी दे मला."

कामाला लागलो. आधी पाला उतरवला, म्हणजे झाडाला पाणी कमी लागतं. पाला काकींनी शेळीपुढे टाकला. मग सुटे दगड एकेक करून बाजूला केले. बारीक मुळं हाताने मोकळी करून ओल्या गोणपाटात गुंडाळली. एक मूळ नारळाएवढ्या जांभ्याला असं चिकटलं होतं, की दगड आणि मूळ वेगळं काढणं शक्यच नव्हतं. "घेऊन जा दगडासकट," काकी म्हणाल्या. "दगडांना काय तोटा हाय हितं?"

तासाभराने सगळं सुटलं, एक सोडून. मनगटाएवढं जाड मूळ गडग्याच्या पायातून खाली जमिनीत गेलं होतं. ते कापल्याशिवाय झाड निघणार नव्हतं. मी करवत लावली आणि हात थांबला. विहिरीवरच्या उंबराचंही असंच एक मूळ मी कापलं होतं.

"काय झालं गो बाय?" काकींनी विचारलं.

मी त्यांना उंबराचं सगळं सांगितलं. प्रदर्शनाचंही. शुभदालाही हे आजवर माहीत नव्हतं. काकी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मी पंधरा वर्षं बागेत कलमं बांधलीत. कलमात काय करतात? एकाचं डोकं उडवतात, दुसऱ्याचं आणून बसवतात. कापताना भ्यालीस तर दोन्ही मरतात. पण कापल्यान कोण मरत नाय. उकरून बघितल्यान मरतात. रोज 'जगलं काय, जगलं काय' करत."

त्यांनी माझ्या हातातली करवत घेतली. उकिडव्या बसल्या, मुळाचा अंदाज घेतला आणि न थांबता कापलं. पांढरा चीक भळभळला. आतून कलमाचा जुना चाकू आणून त्यांनी काप गुळगुळीत केला, वर चुलीतली राख दाबली. झाड सुटून शुभदाच्या आणि माझ्या हातांत आलं. काकी मात्र गडग्यातल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या.

"आमचे मालक होते तेव्हा उगवलं," त्या म्हणाल्या. "ते उपटणार होते. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, शेळीला होईल."

मग त्या चहा टाकायला आत गेल्या. पैसे त्यांनी घेतले नाहीत.

परतीच्या वाटेवर झाड मागच्या सीटवर आडवं होतं. दर तासाला थांबून मी गोणपाट भिजवत होते. घाटात पुन्हा धुकं आलं आणि गाडीत ओल्या मातीचा, चिकाचा वास भरून राहिला.

घरी आल्यावर भोकं पाडलेल्या खोल क्रेटमध्ये जांभ्याची खडी आणि जाड वाळू भरून झाड लावलं. दगडासकट. गच्चीवर सावलीत ठेवलं, वरून प्लास्टिकची पिशवी बांधली आणि हात मागे घेतले. पहिले पंधरा दिवस फार जड गेले. बोट घालून बघावंसं वाटायचं. बघितलं नाही. अनंत चतुर्दशीनंतर चौथ्या दिवशी बुंध्यावर कोंबाचा तांबूस ठिपका दिसला, संध्याकाळपर्यंत पाच झाले.

काकींच्या सुनेने व्हिडिओ कॉल लावून दिला. मी मोठ्या कौतुकाने झाड दाखवलं. त्याचं तोंड, म्हणजे बघणाऱ्यासमोरची बाजू, कुठली ठेवायची यावर मी दोन आठवडे कागदावर रेघोट्या मारल्या होत्या, त्या ठरवलेल्या बाजूनेच.

काकी बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. "हे आमचं नाय वाटत," त्या म्हणाल्या. "फिरव जरा. अजून. अजून थोडा. हां, थांब. चुलीपाशी बसलं काय हे असं दिसायचं."

मी फोन खाली ठेवला आणि पाहिलं. त्या बाजूने खोड दगडावरून उठून माझ्याकडे किंचित झुकलं होतं. माझ्या एकाही रेघोटीत ते आलं नव्हतं.

आता वर्षभर कात्री लावायची नाही, तारही नाही. त्या दिवशी काकींनी दाखवलेल्या बाजूला क्रेटवर खडूने एक खूण तेवढी केली.