धाकूने शाळेत घातलेले गाऱ्हाणे

पेडणे तालुक्याच्या पार टोकाला, तेरेखोलची मुले फेरीबोटीतून उतरतात तिथे, रोज सकाळी एक पिवळा बालरथ उभा असतो. हायस्कूलच्या मुलांना शाळेत न्यायचे आणि दुपारी परत आणून सोडायचे हे त्याचे काम, आणि हे काम करणारा ड्रायव्हर म्हणजे धाकू परब. पोट थोडे सुटलेले, मिशी भरघोस, आणि आवाज असा की त्याला हॉर्न वाजवायची गरज क्वचितच पडायची.

गावात धाकूचा मान होता तो मात्र बालरथामुळे नव्हे, देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्यामुळे. नवे घर असो, नवी म्हैस असो, बारसे असो की बोटीवर नोकरीला निघालेला मुलगा असो, देवापुढे नारळ ठेवला की लोक आपोआप धाकूकडे बघत. धाकू डोळे मिटायचा, हात जोडायचा आणि "बा देवा म्हाराजा" म्हणून जो सुटायचा तो बारा पाचाच्या, म्हणजे गावच्या सगळ्या देवांना हाका घालून, घरच्यांची सुखदुःखे सांगून, मागायचे ते मागूनच थांबायचा. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसे "व्हय म्हाराजा" म्हणत. या "व्हय म्हाराजा"ची एक गंमत आहे. ते ठरवून म्हणावे लागत नाही आणि ठरवून गिळताही येत नाही. गाऱ्हाण्याची लय कानावर पडली की इकडच्या माणसाच्या तोंडून ते शिंकेसारखे बाहेर पडते. आणि चार माणसांच्या तोंडून एकदा पडले की देवाने ते ऐकले. मग गाऱ्हाणे घालणाऱ्याची आपल्या शब्दातून सुटका नाही.

असा हा बोलका माणूस शाळेच्या फाटकाशी पोचला की मात्र मुका होई. मुलांना फाटकात उतरवायचे आणि तिथूनच उचलायचे. आत पाऊल टाकायचे नाव नाही. शिपाई चहाला बोलवायचा तर धाकूला नेमके तेव्हाच टायरमधली हवा तपासायची असायची. कारण साधे होते. याच शाळेत धाकू दहावीला गणितात आपटला होता, एकदा नव्हे, दोनदा. त्याला बावीस वर्षे होऊन गेली, शाळेला नवा रंग लागला, नवा मजला चढला, पण धाकूच्या पोटातली ती धाकधूक काही जुनी झाली नाही. पालकसभेला नेहमी त्याची बायको सिंधू जायची. आपण गाडीपाशी असलेले बरे, असे धाकू सांगायचा, जसे काही गाडी पळूनच जाणार होती.

त्या वर्षी त्यांची मुलगी सेजल दहावीत आली. या शाळेची जुनी रीत अशी की डिसेंबरातल्या स्नेहसंमेलनात दहावीचा वर्ग दशावतारी नाटक करतो. पोरे पाचवीत असल्यापासून आपापल्या भूमिका मनात ठरवून बसलेली असतात. सेजलने राक्षस ठरवला होता. काजूच्या बागेत उभी राहून ती इतकी वर्षे राक्षसाची आरोळी घोटवत होती, आणि त्या तालमींना कंटाळून घरचे मांजर कायमचे शेजाऱ्यांकडे राहायला गेले होते. पण आदल्या वर्षीचा दहावीचा निकाल घसरला. हेडमिस्ट्रेस पद्मावती टीचरनी गणपतीची चवथ झाल्यावर शाळा उघडताच सांगून टाकले की यंदा दहावीचे नाटक बंद, शेवटचा निर्णय पालकसभेत होईल. सेजल घरी आली ती जेवलीच नाही. चवथीच्या उरलेल्या नेवऱ्या-करंज्यांनासुद्धा तिने हात लावला नाही, तेव्हा धाकूला प्रकरणाचे गांभीर्य कळले.

आणि नेमकी त्याच आठवड्यात सिंधू भावाच्या मुलाच्या बारशाला सावंतवाडीला गेली. म्हणजे पालकसभेला धाकूच. सेजलने त्याला बजावले की यायचे, पण मागच्या बाकावर बसायचे आणि काही झाले तरी तोंड उघडायचे नाही. धाकूने कबूल केले. त्याची स्वतःचीही दुसरी कसली इच्छा नव्हती. फाटक ओलांडताना त्याने गुपचूप पायांची धूळ झटकली, देवळात शिरताना झटकतात तशी, आणि भिंतीला चिकटून तो सभेत जाऊन बसला.

पद्मावती टीचर बाई सरळ होत्या, पण करड्या. नाटकात तीन महिने जातात, त्या तीन महिन्यांत पोरांचा अभ्यास कोण बघणार, असे त्यांनी विचारले. एक तरी पालक उभा राहून जबाबदारी घेतो म्हणाला, तर आपण लगेच नाटकाला परवानगी देऊ, असेही म्हणाल्या. सगळे पालक फरशीचे डिझाइन बघू लागले. दाराशी दहावीची पोरे दाटीवाटीने उभी होती. धाकूने तिकडे पाहिले तर सेजलची हनुवटी थरथरत होती. जिच्या आरोळीने मांजर परागंदा झाले ती पोर आवाज न करता रडत होती. आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत धाकू उभा राहिला.

उभा राहिला खरा, पण बोलायचे काय? "आदरणीय" एवढा एक शब्द त्याने काढला आणि पुढची गाडी रुतली. सगळे मागे वळून बघू लागले. चार लोकांपुढे उभे राहून बोलायची धाकूला आयुष्यात एकच पद्धत ठाऊक होती. त्याने डोळे मिटले आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," धाकू म्हणाला.

"व्हय म्हाराजा," खिडकीपाशी कुणीतरी सवयीने म्हटले.

"आज ह्या शाळेच्या थळार सगळे आवय-बापूस एकठय जमले आसत."

"व्हय म्हाराजा." आता पाच-सहा आवाज.

"पोरांचा मन नाटकात आसा आणि टीचरांचा मन रिझल्टात आसा. दोघांचाय खरा आसा."

"व्हय म्हाराजा!" सगळी सभा म्हणाली. पद्मावती टीचरचे ओठही हलले. बाई सायन्सच्या होत्या, राहायला म्हापशाला होत्या, पण माहेर पेडण्यातलेच. रक्त कुठे जाणार?

लय सापडली तसा धाकू रंगात आला. आता देवाकडे नुसते मागायचे नसते. आपल्या बाजूनेही काहीतरी द्यायचे बोलावे लागते. कुणी नारळ बोलतो, कुणी कोंबडा बोलतो. धाकूची जीभ त्या वळणावर आली आणि क्षणभर अडखळली, कारण शाळेत कोंबडा बोलून उपयोग काय? शाळेला चालेल असे देण्यासारखे काय असते?

"ह्या पोरांक नाटक करूक गावांदे म्हाराजा, आणि तेंच्या अभ्यासाची राखण म्हणान हो धाकू परब तेंच्या वांगडा परत दहावीक बसतलो!"

"व्हय म्हाराजा!" छप्पर हादरले. सगळ्यांत खणखणीत आवाज पद्मावती टीचरचा होता.

धाकूने डोळे उघडले. आपण पोरांबरोबर दहावीला बसायचे बोललो, हे त्याला इतरांच्या चेहऱ्यांवरून कळले. त्याने जीभ चावली, नाटकाला परवानगी मिळाली ना, मग बाकीचे तसे बोलायची पद्धत असते, असे काहीतरी पुटपुटून पाहिले. पण चार माणसांनी व्हय म्हटलेले कुठे मागे घेता येते? सेजलला रडू की हसू ते ठरवता येईना, म्हणून तिने दोन्ही एकदम केले. फोनवर हे ऐकून सिंधू इतकी हसली की बारशाला आलेल्या बायकांना वाटले बाळाचे नाव काहीतरी विचित्र ठेवले.

धाकूने बाहेरून परीक्षेचा अर्ज भरला. जुना अभ्यासक्रम केव्हाच गेला होता, त्यामुळे सगळे विषय नव्याने. मराठीचे त्याला भय नव्हते, सामाजिक शास्त्रात गप्पा मारता येत, पण गणित दिसले की त्याला घाम फुटे. पोरांनी मग बालरथाचीच शाळा केली. गाडी चालू असताना कुणी ब्र काढायचा नाही, पण फेरी यायची वाट बघत गाडी धक्क्यावर थांबली की सोनम पुढे यायची. सोनमचे वडील कोल्हापूरकडून तुयेच्या कारखान्यात कामाला आलेले, आणि पोरगी गणितात वाघीण. गाडीच्या मागच्या धुळकट काचेवर ती बोटाने समीकरण मांडायची आणि "काका, ह्यात काय अवघड हाय? एक्सला हिकडं आणा की," म्हणून दटावायची. त्या दिवसांत बालरथाची मागची काच कुणी पुसली नाही, कारण अर्धे उत्तर तिच्यावर असायचे. धाकूला ओरडा बसताना बघायला मिळावे म्हणून तेरेखोलची पोरे एक फेरी आधी येऊ लागली. त्याला समजावायला चढाओढ लागे, आणि धाकूला समजावायचे म्हणजे आधी आपल्याला समजलेले असले पाहिजे, ही भानगड पोरांच्या फार उशिरा लक्षात आली. तोवर त्यांचा अभ्यास होऊन गेला होता.

संमेलनात नाटक दणक्यात झाले. सेजलच्या मिशीला डिंक लावता लावता धाकू दुसऱ्या हातात भूमितीचे पुस्तक धरून प्रमेय म्हणत होता, त्यामुळे मिशी थोडी तिरकी बसली. पण राक्षस उडी मारून रंगमंचावर आला आणि अशी आरोळी ठोकली की पहिल्या रांगेतले पाहुणे खुर्चीसकट मागे सरकले. धाकूला वाटले, सात वेळा दहावीला बसायला लागले तरी चालेल.

पण शाळेत पोरांबरोबर दिलेल्या पूर्वपरीक्षेत धाकू गणितात आपटला. शाळेचा नियम असा की नापास झालेल्याच्या पालकाने येऊन भेटायचे. धाकूचा पालक कोण? आईवडील कधीच वारलेले. सिंधूने हात झटकले. मी तुमची बायल आसा, आवय न्हय, असे तिने स्पष्ट सांगितले. शेवटी सेजल गेली. गणवेशातली सेजल ऑफिसातल्या पालकांच्या खुर्चीवर बसली आणि धाकू हात मागे बांधून भिंतीशी उभा राहिला. पद्मावती टीचरनी तक्रार मांडली की हा नुसते उत्तर लिहितो, पायऱ्या लिहीत नाही, आणि अर्धा वेळ शेजाऱ्याशी बोलतो. सेजलने गंभीर चेहऱ्याने सगळे ऐकून घेतले.

"मी घरात बघतंय तेंका, टीचर," ती म्हणाली.

त्या दिवशी मुलांना सोडून झाल्यावर रिकाम्या बालरथात बापलेक दोघेच होते. धाकूने हळूहळू गाडी हाकली. मग फेरीधक्क्यापाशी गाडी थांबवून तो म्हणाला, "माका जमना नाय गो सेजल. तेव्हांय जमूक नाय. तुझ्या फुडे परत आपटतलंय, ह्याची लाज वाटता."

सेजल उठून पुढच्या सीटवर येऊन बसली. "बाबा, मिशी लावन भायर येताना माकाय लाज वाटत होती," ती म्हणाली. "एकदा आवाज काढलंय आणि मगे लाज गेली. तू भिऊन मनातल्या मनात गणित करतंस. मोठ्यान कर. गाऱ्हाणा घालतंस तसा."

आणि धाकू तसे करू लागला. "बा देवा म्हाराजा, पयली पायरी, कंस सोडवतंय," असे ओरडून तो गणित मांडायचा आणि गाडीतली सगळी पोरे "व्हय म्हाराजा" म्हणायची. पायरी चुकली की कुणीच व्हय म्हणायचे नाही, आणि धाकूला लगेच कळायचे. धक्क्यावर पर्यटकांची गर्दी असे. काहींनी हा इथला एखादा उत्सव समजून हात जोडल्याचेही लोक सांगतात.

मार्चात खाकी शर्ट घालून, गुडघे बाकात कसेबसे कोंबून धाकूने परीक्षा दिली. पर्यवेक्षकाने त्याला दोनदा टोकले, कारण पायऱ्या लिहिताना त्याचे ओठ हलत होते.

निकालाच्या दिवशी सगळी पोरे आणि त्यांचे पालक शाळेच्या पटांगणात जमले. एकेकाचा निकाल फोनवर उघडत गेला. सोनम पहिली आली. वर्गातले एकूण एक पोर पास झाले. राहिला धाकू. त्याचा निकाल बघायची हिंमत त्याला होईना, म्हणून फोन सेजलच्या हातात होता. नेटवर्क गेले, आले, परत गेले. मग सेजलने स्क्रीन पाहिली आणि फोन खाली केला. धाकूने खिशातली गाडीची किल्ली चाचपली. त्याने फाटकाकडे पाहिले, बालरथ किती लांब उभा आहे त्याचा अंदाज घेतला.

पण सेजल धावत शाळेच्या पायऱ्यांकडे गेली. पास झालो तर देवाला ठेवायला म्हणून कुणीतरी आणलेला नारळ तिने उचलून पायरीवर ठेवला, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली आणि डोळे मिटले. गाऱ्हाणे पुरुषांनी घालायचे, अशी गावची वहिवाट. पोरीने घातलेले कुणी कधी ऐकले नव्हते.

"बा देवा म्हाराजा," सेजल म्हणाली. राक्षसाचाच आवाज.

"व्हय म्हाराजा!" पटांगण म्हणाले.

"ह्या शाळेच्या फाटकाभायर बावीस वर्सा एक पोरगो उभो होतो."

"व्हय म्हाराजा!"

"तो आज पास झालो. गणितातसुद्धा."

आता सगळे धाकूकडे वळले. आयुष्यभर साऱ्या गावाला व्हय म्हणायला लावणाऱ्या धाकूने तोंड उघडले, पण त्यातून आवाज फुटला नाही. डोळे भरून आले आणि नुसती मिशी हलली. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या पद्मावती टीचरनी पदराने डोळे टिपले आणि त्याच्या वतीने मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटले.